कडगंचीचे प्लॉट व मंजुरीचा नकाशा

कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ २००९ साली स्थापन झाले व त्याचे आवार कडगंचीस वसले. तेव्हापासून आळंद रस्त्यालगतच्या काळ्या जमिनीकडे पाहण्याची आम्हां व्यापाऱ्यांची दृष्टी पालटली. ज्या रानात तूर किती उतरेल असे विचारीत असू, तेथे आता प्लॉट किती पडतील असे विचारतो. (ह्याच कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे!)

वस्ती वाढावी, याविषयी दुमत नाही. परंतु हद्दीचे दगड रोवले म्हणजे वसाहत झाली, असे नव्हे. जमीन बिगरशेती झाल्याचा हुकूम, रस्ते व मोकळी जागा दाखविणारा मंजूर आराखडा आणि मग घराच्या नकाशास परवानगी, असा हा क्रम आहे. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरी गाठू पाहणाराची रक्कम अडकते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात तर पूर्णत्वाचा अथवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज, पाणी व बँकेचे कर्ज द्यावे, असे बजाविले आहे.

मूठभर तूर तळहातावर घेतल्यावाचून भाव न बोलणारे आमचे बंधू दलालाच्या रंगीत नकाशावर इसार देतात, याचे नवल वाटते. शिवाय ही रक्कम बहुधा दुकानाच्या खेळत्या भांडवलातली असते. पौष-माघात तुरीची आवक सुरू झाली की तीच व्याजाने उचलावी लागते. सभासदांचे असे कागद इसारापूर्वी जाणत्या वकिलाकडून तपासून देण्याची सोय आपल्या संघाने येत्या वर्षी करावी.