थांबलेत म्हणजे रमलेत असं नाही!

प्लेसमेंटचा सीझन आला की आयटी कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते. हसरे चेहरे, दांडियाचे ड्रेस, टेबल टेनिस, केक आणि खाली ओळ : 'आम्ही एक कुटुंब आहोत'. मी मास कॉमची, त्यामुळे त्या रांगेत मी नव्हते. पण माझ्या बारावीच्या ग्रुपमधले बरेच जण सध्या हिंजवडीत नाहीतर खराडीत आहेत. त्यांच्या गप्पांत ही स्लाइड कधीच येत नाही. येतं ते बेंच, हाइक आणि 'स्विच कधी मारतोयस?'

शंभरातले किती जण वर्षभरात स्वतःहून नोकरी सोडून गेले, या आकड्याला आयटीत ॲट्रिशन म्हणतात. कोविडनंतर तो भलताच चढला होता. जून २०२२ अखेर इन्फोसिसमध्ये २८.४ टक्के, त्याच वर्षी सप्टेंबरअखेर टीसीएसमध्ये २१.५ टक्के. मार्च २०२४ पर्यंत दोन्हीकडे तो साडेबाराच्या आसपास उतरला. आता दोन वर्षांत कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना एवढा जीव लावला का? मला नाही वाटत. २०२१-२२ मध्ये कामांचा पूर आला होता, माणसं मिळत नव्हती, उडी मारली की पगार घसघशीत वाढायचा. पुढे अमेरिका-युरोपातल्या क्लायंटनी हात आखडता घेतला आणि बाहेरच्या ऑफर आटल्या. दारं बंद असली की माणूस घरातच बसणार. म्हणून त्याला घराची ओढ आहे असं कसं म्हणायचं?

शिवाय हा आकडा स्वतःहून जाणाऱ्यांचा. ज्यांना 'जा' म्हटलं जातं ते त्यात नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करणार असं जाहीर केलं. अशी बातमी आल्यावर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस राजीनामा द्यायच्या आधी दहादा विचार करतो. कागदावर मात्र तोही 'टिकलेला'च!

टिकवण्याचं सगळ्यात चालणारं हत्यार तर केकही नाही, नोटीस पिरिअड आहे. मोठ्या कंपन्यांत तो सर्रास ९० दिवसांचा असतो. नवी कंपनी म्हणते, महिन्याभरात ये. जुनी म्हणते, तीन महिने भर. आमच्या एका सीनिअरची हातातली ऑफर अशीच गेली. ती अजून त्याच कंपनीत आहे, शुक्रवारच्या फन ॲक्टिव्हिटीला हजेरीही लावते (ती न लावल्यास विचारणा होते म्हणे!). एचआरच्या एक्सेलमध्ये ती 'एंगेज्ड' असणार.

पगाराचं तर बोलायलाच नको. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत साध्या फ्रेशरचं पॅकेज आजही साडेतीन लाखांच्या आसपास आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ते तीन-सव्वातीन होतं. मधल्या काळात वाकड-बाणेरचं भाडं कुठे गेलं, ते तिथे फ्लॅट शेअर करणाऱ्यांना विचारा. बरं, ऑफर लेटर मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असंही नाही. २०२२ च्या बॅचमधल्या इन्फोसिसच्या ऑफर मिळालेल्या मुलांचं जॉइनिंग दोन-दोन वर्षं रखडल्याची तक्रार पुण्यातल्या 'नाइट्स' या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली होती. आणि निष्ठेची अपेक्षा मात्र मुलांकडून!

सगळंच काळं आहे असं मी म्हणत नाही. माझा एक मित्र चार वर्षं एकाच टीममध्ये आहे आणि त्याला खरंच हलायचं नाही. कारण विचारलं तर त्याने पगार सांगितलाच नाही. म्हणाला, "अरे, मी लिहिलेल्या कोडवर क्लायंटला मेल गेला, तेव्हा लीडने माझं नाव घातलं. चूक झाली तेव्हा मात्र स्वतःचं." हे कुठल्याही एचआर बजेटमध्ये बसत नाही, आणि एक पैसाही लागत नाही. उलट सहा महिने बेंचवर बसवून, रोज लॉगइन करायला लावून वर 'मूड मीटर' भरायला सांगितलं, तर मुलगा पहिली संधी मिळताच पळणारच. त्याला आळशी, उतावळी पिढी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

तेव्हा यंदा प्रेझेंटेशनला बसाल तेव्हा पॅकेजच्या पुढचं विचारा. सीटीसीतला व्हेरिएबल किती? नोटीस किती दिवसांची? बॉण्ड आहे का? गेल्या बॅचमधल्या किती जणांचं जॉइनिंग झालं आणि कधी? पहिल्या सहा महिन्यांत प्रोजेक्ट किती जणांना मिळाला? दोन वर्षांपूर्वी आपल्याच कॉलेजमधून घेतलेल्यांपैकी आज किती जण तिथे आहेत? शेवटच्या प्रश्नाला एचआर चाचरले, तर त्या सीनिअर्सचे नंबर प्लेसमेंट सेलकडे असतात. संध्याकाळी सातनंतर फोन करा, तोवर ते हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात आणि बोलायला भरपूर वेळ असतो.