सिग्नल तोडणाऱ्या आपल्याच पोराला अडवायचे की नाही?

१ जानेवारी किंवा १४ एप्रिल जवळ आला की आपल्या बैठकांत एक विषय हमखास निघतो आणि निर्णय न होताच बैठक उठते. रॅलीतला आपलाच पोरगा लाल सिग्नल तोडून पुढे गेला तर सोबतच्यांनी त्याला अडवायचे की नाही? वाहन मोटारसायकल असो की सायकल, प्रश्न तोच आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ नगर-पुणे रस्त्यावरच आहे. नगरहून सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर असा नव्वदेक किलोमीटरचा प्रवास. हा रस्ता एमआयडीसीच्या कंटेनरचा आहे. जानेवारीत गाळप हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांच्या मागे साधा रिफ्लेक्टर नसतो. अशा रस्त्यावर पहाटेच्या अंधारात निळा झेंडा लावून आपली पोरे निघतात. एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि पुढचा सुसाट गेला म्हणून मागचाही सुसाट.

बैठकीत एक बाजू म्हणते, अडवू नका. सिग्नल काय फक्त आपलीच पोरे तोडतात? आमदाराच्या ताफ्याने तोडला, मिरवणुकांनी तोडला, लग्नाच्या वरातीने रस्ता बंद केला, तेव्हा कोणाला वाहतुकीचे नियम आठवत नाहीत. निळा झेंडा दिसला की मात्र लगेच आठवतात. पोलिसांचे काम आपण का करायचे?

दुसरी बाजू म्हणते, अडवा, कारण समाजाचे नाव खराब होते. लोक व्हिडिओ काढतात आणि 'हे बघा, यांना संविधान पाहिजे' असे लिहून फिरवतात.

माझे मत असे की पहिल्या बाजूचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि दुसऱ्या बाजूचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यामागचे कारण चुकीचे आहे.

आधी कारणाचे बघू. वरच्या जातीतल्या एका पोराने सिग्नल तोडला तर तो 'एक बेशिस्त पोरगा' असतो. आपल्या पोराने तोडला तर अख्खी वस्ती बेशिस्त ठरते. व्यक्तीचा दोष समूहाच्या नावावर मांडायचा, ही जातिव्यवस्थेची जुनी रीत आहे. 'नाव खराब होईल' म्हणून आपण आपल्या पोरांना दटावतो, तेव्हा ही रीत आपणही मान्य करतो. आपल्या माणुसकीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे, असे कबूल करतो. ते प्रमाणपत्र शिस्तीने वागूनही मिळत नाही. २०१८ च्या १ जानेवारीला याच परिसरात अभिवादनाला आलेल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. शिर्डीत २०१५ साली बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा खून झाला. या माणसांनी कोणता सिग्नल तोडला होता?

म्हणून प्रतिमेसाठी अडवू नका. जिवासाठी अडवा. हा फरक शब्दांपुरता नाही. प्रतिमेसाठी अडवणारा कॅमेरा आहे का ते बघतो. जिवासाठी अडवणारा, कोणी बघत नसतानाही अडवतो.

या बाबतीत बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग प्रत्येक रॅलीआधी पोरांना सांगितला पाहिजे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याचे काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांना पायी नेणे लोकांना अपमानाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकता येत नव्हता असा आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहिली आहे. टांगेवाल्याचा जातीचा माज त्यांनी उघडा पाडलाच. पण पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे आपली माणसे विसरली, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. ज्या माणसाने आयुष्यभर मानासाठी लढा दिला त्यानेच हे लिहिले आहे. आज रॅलीत सुसाट निघालेल्या पोराच्या डोक्यातही मानच असतो. गावात ज्याला मान खाली घालून चालावे लागते त्याला त्या एका दिवशी रस्ता आपला वाटतो. ही भावना मला समजते, तिची टिंगल मी करणार नाही. पण समोरून येणारा कंटेनर भावना बघून ब्रेक मारत नाही.

आकडा बघा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ज्यांना चारचाकी परवडत नाही ते दुचाकीवर असतात. ज्यांना दुचाकीही परवडत नाही ते सायकलवर किंवा पायी असतात. आपण लाल सिग्नल तोडतो तेव्हा समोर हिरवा मिळालेला माणूस कोण असतो? पहाटे रस्ता झाडायला निघालेली सफाई कामगार बाई, रात्रपाळी करून परतणारा सायकलवरचा कामगार, कोपीवरून दूध आणायला निघालेले ऊसतोड मजुराचे लेकरू. बहुतेक वेळा तो आपलाच माणूस असतो. पंचशीलातले पहिले शील विहारात म्हणायचे आणि चौकात विसरायचे, असे चालणार नाही.

आता कायद्याचे बघू, कारण त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. सिग्नल तोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. अठरा वर्षांच्या आतल्या पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि आपलाच पोरगा गेला तर? अपघात दावा न्यायाधिकरणात मृताचाही निष्काळजीपणा होता असे ठरले की त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या पोराला एक गुन्हा चारित्र्य पडताळणीत किती महागात पडतो, हे वस्तीत कोणालाही विचारा.

इथे एक फरक मात्र केलाच पाहिजे. रोज सायकलने कामाला जाणारा माणूस कधी कधी सिग्नल हिरवा व्हायच्या आधी चौक ओलांडतो, कारण हिरवा झाल्यावर मागचे ट्रक एकदम सुटतात आणि त्याला जागाच उरत नाही. तो माजापोटी नाही, भीतीपोटी नियम मोडतो. त्याला चौकात चार शब्द सुनावून काही होणार नाही. त्याच्यासाठी सायकलीची वेगळी पट्टी आणि चौकात आधी सुटण्याची सोय मागा, महापालिकेत निवेदन द्या. ज्याच्या हातात रस्ता आखायची सत्ता आहे त्याला सोडून फक्त सायकलवाल्याला धरणे हा न्याय नव्हे.

आता अडवायचे कसे? चौकात गाडी आडवी घालू नका, हँडल धरू नका, पाठलाग करू नका. त्यातून दुसरा अपघात होतो, नाहीतर भांडण होते. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. चारचौघांत अपमान झालेला पोरगा सुधारत नाही, चळवळीतून निघून जातो.

अडवायची खरी जागा निघण्याची आहे. मार्केट यार्डजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी किंवा गावातल्या विहारासमोर जमल्यावर पाच मिनिटे नियम सांगा. दारू प्यायलेल्याची आणि अठराच्या आतल्याची चावी तिथेच काढून घ्या, यात सवलत नको. त्यांना सोबत न्यायला एक टेम्पो ठेवा, म्हणजे अभिवादनाला मुकावे लागणार नाही. दर दहा गाड्यांमागे एक जबाबदार माणूस नेमा, शक्यतो त्याच वस्तीतला, ज्याला पोरे दादा म्हणतात. एखादी ताई नेमली तर अधिकच चांगले. वाटेत कोणी नियम मोडला तर पुढच्या थांब्यावर, सुप्याला किंवा शिरूरला, त्याला बाजूला घेऊन बोला. ऐकले नाही तर गाडी तिथेच ठेवून टेम्पोत बसवा. आणि हाच नियम नेत्याच्या स्कॉर्पिओलाही लावा. नेत्याची गाडी सिग्नल तोडणार आणि आपण पोरांना शील शिकवणार, हे पोरे ऐकून घेणार नाहीत.

हे पोलिसांचे काम नाही. महाडला १९२७ साली परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिहल्ल्याला उसळलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरले. ते पोलिसांचे काम करत नव्हते, आपली माणसे वाचवत होते. स्वतःला आवरता येणे ही आपल्या चळवळीची ताकद आहे, ती दुसऱ्या कोणाची देणगी नाही.

येत्या १ जानेवारीच्या नियोजनाच्या बैठकीत झेंडे किती, टी-शर्ट किती, याच्या आधी हा विषय घ्या. चावी कोण काढून घेणार आणि टेम्पो कोणाचा, ही दोन नावे ठरल्याशिवाय बैठक उठवू नका. विजयस्तंभाला जाताना जितके गेले तितके घरी परतले पाहिजेत.

जय भीम!