खात नाही, की गिळता येत नाही?

उष्टावणाला चांदीच्या वाटीत खीर होती. मामाच्या मांडीवरच्या माझ्या नातीच्या ओठांना पहिला चमचा लागला आणि तिची दहाही बोटं ताठ पसरली. दुसऱ्या चमच्याला ओठांभोवती निळसर झाक आली. "नखरे आहेत, होईल सवय," कुणीतरी म्हणालं. बेंगळुरूच्या त्या फ्लॅटमध्ये जमलेले सगळे प्रेमानंच बोलत होते. पण आम्ही चुकत होतो, मीसुद्धा.

ती 29व्या आठवड्यात जन्मली, म्हणजे 11 आठवडे आधी. कॅलेंडरनं सहा महिन्यांची झाली तरी तिचं खरं वय साडेतीन महिनेच होतं. मानही पुरती धरत नव्हती. मुहूर्त आम्ही जन्मतारखेवरून काढला होता.

गिळणं उपजतच असतं, भूक लागली की बाळ आपोआप पितं, असं घरोघरी ऐकू येतं. यातलं अर्धं खरं आहे. पोटातलं बाळ चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भजल गिळू लागतं. पण तिथं त्याला श्वासाची चिंता नसते! बाहेर आल्यावर चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालावा लागतो. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबवून श्वासनलिका झाकावी लागते. हा मेळ साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्याला दूध बहुधा नळीनं द्यावं लागतं. मग त्या एवढ्याशा तोंडाला पहिली ओळख कशाची होते? नळीची, गालावरच्या चिकटपट्टीची, घशातला कफ ओढणाऱ्या सक्शनची. असं बाळ पुढे चमचा दिसताच मान फिरवतं, त्याला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे. आणि "आईला भरवता येत नाही" असं सुनेला ऐकवणं हा त्याहून मोठा.

दुसरा सल्ला बोंडल्याचा, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं दूध पाजण्याचा. इथल्या नर्सच्या हातात पालडाई पाहिली तेव्हा मला माहेरचं बोंडलंच आठवलं. ही जुनी वस्तू चांगलीच आहे. बाटलीपेक्षा घासून-उकळून स्वच्छ ठेवायला सोपी. पण नर्स बाळाला बसतं धरायची, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायची. दूध बाळानं ओढून घ्यायचं. आपल्याकडे मात्र बाळाला पायांवर आडवं घालून बोंडलं तोंडात रिकामं करतात. निपलचं भोक तापल्या सुईनं मोठं करणारेही तेच करतात. दूध वेगानं येतं, बाळाला श्वासाला फुरसत मिळत नाही आणि ते फुप्फुसाकडे जाऊ शकतं. ठसका लागला नाही म्हणजे सारं ठीक, असंही नाही. काही बाळांत दूध खोकल्याविना आत उतरतं. वरचेवर छाती भरणं, पिताना घरघर, डोळ्यांत पाणी, घाम, एवढ्या खुणांवरूनच मग ओळखावं लागतं.

वजन वाढतंय ना, मग काळजी कसली, असंही म्हणतात. वजन हवंच. पण एकेका पेल्यामागे तासभर रडारड होत असेल, तर ते ग्रॅम फार महाग पडतात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो स्पीच थेरपिस्टवरून. "अजून बोलत नाही तिला बोलण्याचे डॉक्टर कशाला?" बोलायला लागणारे ओठ, जीभ, टाळू, घसा गिळायलाही तेच लागतात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत गिळण्याच्या विकारांसाठी वेगळं केंद्र आहे ते काय उगाच? आमच्या थेरपिस्टबाईंनी पहिले काही दिवस भरवलंच नाही. रिकामा चमचा नातीच्या मुठीत दिला. तो तिनं आपटला, फेकला, एकदा गालाला लावला. बाई नुसत्या बघत होत्या. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला. तेराव्या की चौदाव्या दिवशी तिनं तो आपणहून तोंडात घातला.

2020 साली भारतात सुमारे 30 लाख बाळं वेळेआधी जन्मली. नवजात अतिदक्षता विभागांनी त्यांतली कितीतरी जगवली, त्या डॉक्टर-नर्सपुढे मी हात जोडते. म्हणूनच मागणं त्यांच्याकडेच आहे. नातीच्या डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा होत्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होती, कानांची होती. गिळण्याच्या तपासणीची ओळ नव्हती. ती ओळ हवी, आणि तिच्याखाली पुन्हा कधी व कुणाकडे यायचं तेही.