इंजिन फ्लशनं गाडी साफ होते, की इंजिनचं काम निघतं?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजेच ई-२०, देशभर मिळू लागल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले आहेत. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गास्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं. त्यानंतर 'इंजिन आतून साफ करा' म्हणणाऱ्या बाटल्यांची चर्चा आणखी वाढली. पण या बाटलीत नेमकं असतं काय?

बाटल्या दोन, कामं वेगळी

एक बाटली पेट्रोलच्या टाकीत ओततात. ती इंजेक्टरवरचा थर कमी करू शकते, पण इथेनॉलमुळे खराब झालेलं रबर दुरुस्त करत नाही. दुसरी थेट इंजिन ऑइलमध्ये टाकतात. हा झाला 'इंजिन फ्लश'. त्यातलं सॉल्व्हंट ऑइलमध्ये साचलेला काळा गाळ विरघळवतं.

धोका कुठे आहे?

गाळ पूर्ण विरघळला तर ठीक. पण वर्षानुवर्षं साचलेला गाळ तुकड्यांनी सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. ऑइल वर चढत नाही, प्रेशर पडतं आणि बेअरिंग घासतात. त्यातच सॉल्व्हंटमुळे ऑइल पातळ झालेलं असतं. जुने सील गळू लागतात ते वेगळंच.

म्हणजे ज्या इंजिनला फ्लशची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्यालाच सगळ्यात जास्त धोका असतो. बाटलीऐवजी रॉकेल किंवा डिझेल ओतण्याचा जुना जुगाड तर त्याहून वाईट, कारण त्यानं वंगण कमी होतं.

बिलोलीत गाळ का साचतो?

बाजार, शाळा, शेत अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही. आतली वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्येच राहतं. त्यात धूळ आणि 'अजून थोडं चालेल' म्हणत लांबवलेली सर्व्हिसिंग.

मग करायचं काय?

• आधी गाडीचं मॅन्युअल बघा. कंपनीनं नको म्हटलं असेल, तर फ्लश टाळा.
• फ्लश करायचाच असेल, तर गरम इंजिनमध्ये टाका आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच इंजिन जागेवर चालू ठेवा. गाडी चालवू नका. लगेच सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला आणि नवं ऑइल भरा.
• गाळ जुना असेल, तर चांगलं ऑइल आणि फिल्टर टाकून हजार-दीड हजार किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदला. सफाई हळू होते, पण धोका कमी राहतो.
• गाळ खूपच असेल, तर मेकॅनिककडून चेंबर उघडून जाळी साफ करून घ्या.

नांदेडला जाताना नरसीजवळ ऑइलचा लाल दिवा लागला, तर 'गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा. बाटलीचा खर्च काही शेकड्यांत जातो, पण इंजिन उघडावं लागलं की बिल हजारोंवर जातं. वेळेवर ऑइल बदलणं इंजिन उघडण्यापेक्षा स्वस्त पडतं.