प्लॅटिपसचे विष व गोगलगाईचे विष

पूर्व ऑस्ट्रेलिया व टास्मानिया येथील नद्यांच्या काठी राहणारा प्लॅटिपस आणि उष्ण समुद्रांत आढळणारी, शंकूच्या आकाराच्या शंखात राहणारी ‘कोनस’ ही गोगलगाय, यांच्यात प्रथमदर्शनी काहीच साम्य दिसत नाही. पहिला अंडी घालणारा सस्तन प्राणी, तर दुसरी अस्थिहीन मृदुकाय. तथापि निसर्गाने दोघांनाही विष दिले आहे.

प्लॅटिपसच्या नराच्या मागील प्रत्येक पायावर एक पोकळ काटा असून तो विषग्रंथीशी जोडलेला असतो. ही ग्रंथी विणीच्या हंगामात वाढते. त्यावरून हे विष प्रतिस्पर्धी नरांशी झुंजण्यासाठी असावे, असे मानतात. हा काटा टोचल्याने माणूस मेल्याची नोंद नाही. परंतु त्यामुळे उठणारी कळ मॉर्फीननेही शमत नाही. उलट कोनस आपल्या भाल्यासारख्या पोकळ दाताने भक्ष्य लुळे करते, आणि तिच्या ‘जिओग्राफस’ या जातीच्या दंशाने माणसेही दगावली आहेत.

१९७० च्या सुमारास बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या शास्त्रज्ञांनी फिलिपीन्समध्ये, अन्य संशोधनास लागणारी साधने नसल्यामुळे, सहज मिळणाऱ्या या गोगलगाईंचा अभ्यास आरंभिला. पुढे अमेरिकेतील यूटा विद्यापीठात त्यांच्या प्रयोगशाळेने ‘कोनस मॅगस’ या जातीच्या विषातून एक द्रव्य वेगळे केले. त्याच द्रव्याची कृत्रिम प्रतिकृती म्हणजे झिकोनोटाइड हे वेदनाशामक होय. २००४ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडले असता ते वेदनेचा संदेश वाटेतच अडविते, आणि मॉर्फीनने उतार न पडणाऱ्या काही रुग्णांसही आराम देते.

तेव्हा गोगलगाय उपयोगी आणि प्लॅटिपस केवळ कुतूहलाचा विषय, असा निवाडा कोणी करील. तो न्याय्य नव्हे. अभ्यासाला प्रारंभ झाला तेव्हा कोनसच्या विषातून औषध निघेल, हे कोणास ठाऊक होते? मॉर्फीनला न जुमानणारी वेदना नेमकी कोणत्या मार्गाने जाते, हा प्रश्न प्लॅटिपसनेच विज्ञानापुढे ठेवला आहे. अवर्षण, धरणे व नदीकाठची वृक्षतोड यांमुळे त्याचा अधिवास आक्रसत आहे. प्राण्याची उपयुक्तता सिद्ध झाल्यावरच त्याचे रक्षण करावयाचे म्हटले, तर ती सिद्ध होण्यापूर्वीच तो नाहीसा व्हावयाचा. आणि त्याच्याबरोबर त्या प्रश्नाचे उत्तरही.