एकादशीला गिरणी धुता येते, मग इतर दिवशी का नाही?

मंडळी, आज राजकारणावर लिहीत नाही. नगरपरिषद, पाणी, खड्डे, सगळं उद्या. आज पिठावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आणि वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, कारण सुरुवात माझ्याच चुकीपासून आहे.

काही महिन्यांपूर्वी मी आपल्या गावातल्या एका बेकरीची बातमी लावली होती. ‘आता आपल्या गावातही ग्लूटेन फ्री बिस्किटे’ असा मथळा, मालकाचा हसरा फोटो, नाचणीच्या बिस्किटांचा ट्रे. बातमी छान चालली. माझ्या बहिणीनेही वाचली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, नऊ वर्षांची. तिला सेलिआक आहे. गव्हाचा कणही चालत नाही. बहीण म्हणाली, दादाने छापलंय म्हणजे बघूनच छापलं असणार. तिने पाव किलो बिस्किटं आणली.

पुढचे तीन दिवस पोरगी संडास आणि अंथरूण यांच्यात होती.

मी बेकरीत गेलो. मालक भला माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, “नाचणीच आहे की साहेब. फक्त बांधायला थोडा मैदा लागतो. त्याशिवाय बिस्कीट धरतच नाही.”

किती थोडा? “निम्मा.”

पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आधी खातरजमा करा, मग छापा. एक प्रश्न विचारायचा होता, यात मैदा आहे का? मी नाही विचारला. मला वाटलं, ग्लूटेन फ्री म्हणजे असंच काहीतरी पौष्टिक, शुगर फ्रीसारखं. हा माझा गुन्हा. तो कबूल करून आता पुढचं बोलतो.

सेलिआक म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो ताण येतो, पोळी लाटताना जी फाटत नाही, पाव जो फुगतो, ती त्याचीच करामत. सेलिआक असलेल्या माणसाच्या शरीरात हे प्रथिन गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर सपाट होत जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हगवण, फुगलेलं पोट, न वाढणारी उंची, कितीही लोहाचं औषध दिलं तरी न चढणारं हिमोग्लोबिन. काहींना तर पोटाचा त्रास जाणवतच नाही, नुसता अशक्तपणा असतो. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. औषध एकच, आयुष्यभर ग्लूटेन बंद. ‘कमी’ नव्हे, बंद.

भाचीची दोन वर्षं अशीच गेली. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आई नोकरी करते म्हणून पोरीकडे लक्ष नाही. शेवटी सोलापुरात एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला, तेव्हा निदान झालं.

आता ‘हे फॅड आहे’ म्हणणाऱ्यांसाठी. हे फॅड असेल तर फार जुनं आहे. विलेम डिके नावाचे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेना. लोक मिळेल ते कंद खाऊन जगत होते. पण डिके यांच्याकडची या आजाराची मुलं त्या काळात सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होताच, तो पक्का झाला. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं.

आणि ‘हा गोऱ्यांचा आजार’ असंही म्हणू नका. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एक माणूस सेलिआकचा सापडला आहे. आपल्याकडे निदानच होत नसेल तर सापडणार कुठून?

मग लोक म्हणतात, “अहो, एवढ्याशा पिठानं काय होतंय?” तर हिशेब ऐका. भारतात ‘ग्लूटेन फ्री’ या शब्दाला कायद्याची व्याख्या आहे. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे एक किलो पदार्थात ग्लूटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ पाव ग्रॅम मिसळलं, नुसती बोटाची चिमूट, तरी ते नियमातून बाद.

आता आपली गिरणी डोळ्यांसमोर आणा. आधीच्या बाईचं दहा किलो गव्हाचं दळण झालं. लगेच त्यावर भाचीची ज्वारी पडली. गिरणीत, पट्ट्यात, कापडी नळीत मूठभर गव्हाचं पीठ बसलेलं आहे. कुठे पाव ग्रॅम आणि कुठे मूठ!

आपण ज्वारीच्या पट्ट्यातली माणसं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून छाती फुगवतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, यांत कशातच ग्लूटेन नाही. जगातले लोक ज्यासाठी चार-पाच पट पैसे मोजतात ते पीक आपल्या शिवारात उभं आहे. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ‘श्री अन्न’चे फलक लागले. मी स्वतः तशा एका कार्यक्रमाची बातमी केली. ज्वारीवर पाऊण तास भाषण, आणि नंतर चहासोबत मैद्याचा समोसा. तेव्हा मीही खाल्ला.

म्हणजे आपल्या गावात धान्य आहे, पण विश्वासाने खाता येईल असं पीठ नाही. माझं भांडण नेमकं इथे आहे.

कारण आपल्याला पीठ वेगळं ठेवता येत नाही असं मुळीच नाही. आषाढी जवळ आली की गिरणीच्या दारावर पाटी लागते, ‘उपवासाचे दळण मिळेल’. त्या दिवशी मालक गिरणी उघडून झाडतो, पुसतो, धान्याचा कण ठेवत नाही. वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा याशिवाय काही आत जात नाही. चुकून कुणी गहू आणला तर रांगेतल्या बायकाच त्याला बाहेर काढतात. इतर दिवशीही “कशावर टाकलंय?” हे विचारल्याशिवाय आपली एकही आई डबा खाली ठेवत नाही. म्हणजे मिसळ कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, ती टाळायची कशी हेही ठाऊक आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला हे मी काय शिकवू?

उपवास मोडला तर देव माफ करतो, असं आपणच म्हणतो. आतडं माफ करत नाही. तरी देवासाठी गिरणी धुतली जाते आणि नऊ वर्षांच्या पोरीसाठी “एवढ्यानं काय होतंय” असं उत्तर मिळतं.

भाची मला एकदा म्हणाली, “मामा, मला एकादशी आवडते. त्या दिवशी सगळेच माझ्यासारखं खातात.” वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. फोडणीत हिंगसुद्धा नाही. हो, हिंग! डब्यातल्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. खोटं वाटत असेल तर आत्ता उठा आणि डबीमागचं बारीक अक्षर वाचा. म्हणजे आमटीत, लोणच्यात, पापडात, चिवड्यात, सगळीकडे गहू लपून बसलाय. चायनीजच्या गाडीवर भात तांदळाचा, पण सोया सॉसमध्ये बहुधा गहू. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. बटाटेवडा बेसनाचा, पण तळलेला समोशाच्याच तेलात. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. तो नाकारला की बायका म्हणतात, “प्रसादानं कुणाला काही होत नसतं.” माझ्या बहिणीने हे वाक्य किती वेळा ऐकलंय ते तिलाच विचारा.

आता बेकरीवाल्याच्या ‘धरत नाही’ या मुद्द्याकडे येतो. तो खरं बोलला. ग्लूटेन नसेल तर पीठ बांधून राहत नाही, केक भुगा होतो. पण यावर उपाय नाही असं नाही. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरा पडतात, म्हणून आपल्या आया पीठ उकळत्या पाण्यात मळतात. तेच शास्त्र. बहिणीने वर्षभर प्रयोग केले. पहिले चार केक कुत्र्यानेही खाल्ले नाहीत. आता ती तांदूळ आणि ज्वारीच्या पिठात भिजवलेलं इसबगोल घालते, अंडी घालते, पीठ अर्धा तास मुरू देते आणि कुकरची शिट्टी व रिंग काढून, तळाशी मीठ घालून भाजते. नानखटाईला तर ताण लागतच नाही, ती खुसखुशीतच हवी. बेसन, तांदळाचं पीठ, तूप, पिठीसाखर, झालं. गेल्या वाढदिवसाला केक आम्ही सगळ्यांनी खाल्ला. कुणाला कळलंही नाही.

पण दिवाळीत गावातल्या बायका पीठ-तूप घेऊन बेकरीत नानखटाई भाजायला जातात, तिथे ती जाऊ शकत नाही. तिथल्या हवेत मैदा, ट्रेवर मैदा, कामगाराच्या हातावर मैदा. तेव्हा बेकरीवाल्यांनो, माझं म्हणणं एवढंच. नाचणीचं बिस्कीट जरूर विका, पण त्याला ‘नाचणी बिस्कीट, मैदायुक्त’ म्हणा. ‘ग्लूटेन फ्री’ हे शोभेचं लेबल नाही. ते वाचून कुणाची तरी आई ते बिस्कीट मुलाच्या हातात देते.

आणि वजन उतरवायला ‘ग्लूटेन फ्री’ झालेल्या माझ्या मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. हॉटेलात मोठ्याने ‘मला ग्लूटेन चालत नाही’ म्हणायचं आणि शेवटी पावाचा तुकडा तोडायचा, यामुळे वेटर शिकतो की हे सगळे नाटकी. पुढच्या टेबलावर खरा रुग्ण असतो. ‘गहू म्हणजे विष’ असे मेसेज फिरवणाऱ्यांनीही थांबावं. ज्याला सेलिआक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही, त्याने खुशाल पोळी खावी. आणि शंका असेल तर मनानेच गहू बंद करू नका. आधी बंद केला तर तपासणीत आजार सापडतच नाही. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य. घरात एकाला निघाला तर आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या.

मागण्या चार, एकही अवघड नाही.

एक, आपल्या उपजिल्हा रुग्णालयात टीटीजी तपासणीची सोय करा. वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन न चढणारी, उंची न वाढणारी मुलं त्यातून शोधा.

दोन, रेशनवर गहू मिळतो. शेजारच्या गावात एका मजुराच्या पोराला हाच आजार आहे, त्या घरी दर महिन्याला पोराला न चालणारं धान्य येतं. डॉक्टरांचा दाखला असेल तर त्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी द्या.

तीन, जिल्हा परिषदेच्या योजनांतून महिलांना पिठाच्या गिरण्या मिळतात. तालुक्यात एका बचत गटाकडे एक घरघंटी अशी ठेवा की जिच्यात गहू कधीच पडणार नाही. ज्याला परवडते तो स्वतःची घेतो, माझ्या बहिणीनेही कर्ज काढून घेतली. मजुराने काय करायचं?

चार, अन्न व औषध प्रशासनाने ‘ग्लूटेन फ्री’ लिहिणाऱ्या प्रत्येक दुकानाला एकदा तरी विचारावं, तपासणी अहवाल कुठे आहे?

माझ्यापुरतं सांगतो. त्या बातमीचा खुलासा मी छापतोय, मथळा जेवढा मोठा होता तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. बेकरीच्या मालकाने पाटी उतरवली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. घरघंटीचं निवेदन सोमवारी पंचायत समितीत देतोय. सोबत कोण येतंय?

तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत असं मूल असेल तर मला कळवा, नाव छापणार नाही. आणि पुढच्या वेळी दारात आलेलं लेकरू “काकू, मला हे चालत नाही” म्हणालं, तर त्याला आग्रह करू नका. हात धुऊन एक केळं द्या.