गर्दी बघ्याची भूमिका का घेते?

रस्त्यावर अपघात होतो. पाहता पाहता पन्नास-साठ माणसे गोळा होतात. कोणी टाचा उंचावून पाहतो, कोणी हळहळतो, कोणी खिशातला मोबाइल काढून चित्रीकरण सुरू करतो. जखमी मात्र रस्त्यावरच पडून राहतो. दुसऱ्या दिवशी ‘माणुसकी मेली’ असे मथळे झळकतात, चार दिवस चर्चा रंगते आणि पुढच्या अपघातापर्यंत विषय मिटतो.

हा निष्कर्ष काढायला सोपा आहे, पण तो खरा आहे का? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे हात धावले. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयात मुंबईकरांनी संपूर्ण अनोळखी माणसांना आपल्या घरात आसरा दिला, चहा-बिस्किटे पुरवली, दोर धरून कमरेएवढ्या पाण्यातून पार केले. त्याच समाजातील माणूस अपघाताच्या ठिकाणी दगडासारखा उभा राहत असेल, तर दोष केवळ त्याच्या अंतःकरणात शोधून भागणार नाही. दुसऱ्याच्या वर्तनाचे खापर त्याच्या स्वभावावर फोडायचे आणि ज्या परिस्थितीत तो वागला तिच्याकडे काणाडोळा करायचा, ही मनुष्यमात्राची जुनी खोड आहे. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली तिला ‘मूलभूत आरोपण-दोष’ म्हटले. बघ्यांच्या बाबतीत समाज नेमका हाच दोष करीत आला आहे.

एका दंतकथेतून जन्मलेले शास्त्र

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो न्यूयॉर्कमधील एका घटनेनंतर. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी काम संपवून घरी परतत असताना तिच्या इमारतीजवळच तिच्यावर चाकूहल्ला झाला आणि त्यात ती मरण पावली. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर वृत्त दिले की, अडतीस प्रतिष्ठित नागरिक अर्ध्या तासाहून अधिक काळ ही हत्या खिडकीतून पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवले नाही. या वृत्ताने अमेरिका हादरली. महानगरे माणसाला पाषाण बनवतात, हे जणू सिद्धच झाले.

पुढे या कथेची छाननी झाली, तेव्हा ती बरीच पोकळ निघाली. अडतीस जणांनी हत्या पाहिल्याचा पुरावा नव्हता. अनेकांनी केवळ ओरडणे ऐकले होते. एकाने खिडकीतून दरडावले, तेव्हा हल्लेखोर तात्पुरता पळालाही होता. शेजारची एक स्त्री तर धोका पत्करून खाली धावली आणि तिने त्या मरणासन्न मुलीला कवेत घेतले. २००७ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकातील लेखात संशोधकांनी हे सारे मांडले. २०१६ साली खुद्द त्या वृत्तपत्रानेही आपले जुने वृत्त सदोष असल्याचे मान्य केले. त्या काळी अमेरिकेत आपत्कालीन मदतीचा एकच सर्वपरिचित दूरध्वनी क्रमांकही नव्हता, ही गोष्ट तर कोणी विचारातच घेतली नव्हती.

वृत्त सदोष होते, पण त्यातून विचारला गेलेला प्रश्न खरा होता. जॉन डार्ली आणि बिब लॅटने या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांनी ‘लोक इतके निर्दय कसे?’ हा प्रश्न बाजूला ठेवला. ‘पाहणारे पुष्कळ होते म्हणूनच तर कोणी पुढे आले नाही ना?’ असा उलटा प्रश्न त्यांनी केला.

एकटा धावतो, घोळका थबकतो

१९६८ साली त्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला सांगण्यात आले. बोलता बोलता एकाला झटका आल्याचे ऐकू येऊ लागले. तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी तो झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकत आहे असे वाटताच हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले आणि आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा ते ३१ टक्क्यांपर्यंत घसरले. जे उठले नाहीत ते थंड मनाचे होते का? मुळीच नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. त्यांच्या मनात कणव होती, पण पाऊल उचलत नव्हते.

दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडण्यात आला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सूचना दिली. परंतु सोबत बसलेल्या दोघांना धुराकडे दुर्लक्ष करण्याचे आधीच शिकवून ठेवले, तेव्हा केवळ १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत प्रश्नावली भरत राहिले! येथे तर धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला होता.

या प्रयोगांतून गर्दीच्या मनाला लागलेली तीन कुलुपे स्पष्ट झाली. पहिले कुलूप जबाबदारीच्या वाटणीचे. जबाबदारी शंभरांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला शतांश येते आणि शतांश जबाबदारीने कोणी जागचा हलत नाही. दुसरे कुलूप सामूहिक अज्ञानाचे. प्रत्येक जण इतरांचे चेहरे पाहून प्रसंगाचे गांभीर्य ठरवतो. इतरही तेच करीत असतात आणि सगळेच शांत दिसल्यामुळे ‘तसे गंभीर काही नसावे’ असा निष्कर्ष सगळेच काढतात. तिसरे कुलूप ‘लोक काय म्हणतील’ याचे. पुढे झालो आणि फजिती झाली तर? या भयाची ओळख मध्यमवर्गीय घरांना वेगळी करून देण्याची गरज नाही.

प्रवचनाला निघालेला माणूस

याहून अंतर्मुख करणारा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेतील चाळीस विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. त्यांतील निम्म्यांचा विषय होता बायबलमधील ‘भल्या शोमरोन्या’ची कथा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची! वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतील ६३ टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांतील ४५ टक्के आणि ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे ज्यांना सांगितले होते त्यांतील केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आणि विद्यार्थ्याची धार्मिक वृत्ती कशी, यावरून कोण थांबेल हे सांगता आले नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण तर दुःखिताला ओलांडून पुढे गेले.

मराठी माणसाला येथे पैठणच्या एकनाथ महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. ही कथा आपण भूतदयेची म्हणून ऐकतो. पण ती थांबण्याचीही कथा आहे. समोर पवित्र उद्दिष्ट होते, वाट मोठी होती, सोबत यात्रेकरू होते. तरीही नाथ थांबले. चांगल्या कामाची घाईसुद्धा माणसाला आंधळे करू शकते. सभा, बैठका आणि कार्यक्रम यांच्या मागे धावणाऱ्या कार्यकर्त्याने प्रिन्स्टनचे ते दहा टक्के आवर्जून ध्यानात ठेवावेत.

भारतीय बघ्याचे चौथे कुलूप

आपल्याकडे या तीन कुलुपांवर एक चौथे कुलूप होते, आणि ते व्यवस्थेने लावलेले होते. पोलीस ठाण्याचे हेलपाटे, न्यायालयाच्या तारखा, रुग्णालयात भरावी लागणारी रक्कम आणि उलट आपल्यावरच संशय येण्याची भीती. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांतील ८८ टक्क्यांनी पोलिसी चौकशी आणि कायदेशीर कटकट हे कारण दिले. म्हणजे ज्याला समाजाची निर्दयता म्हटले जात होते, ती मोठ्या प्रमाणावर अनुभवातून आलेली भीती होती.

ही भीती दूर करण्यासाठी बरेच काही घडले आहे. जखमीचे प्राण वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य, कायदेशीर सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच बजावले होते. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

पण हे किती घरांत ठाऊक आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. पहिल्या तासात उपचार मिळाले तर यांतील निम्मे जीव वाचू शकतात, असा अंदाज विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०१व्या अहवालात नोंदवला होता. कायदा बदलला, पण मनातील भीती तशीच राहिली, तर हा तास बघ्यांच्या कुजबुजीतच संपणार.

बक्षीस की कर्तव्य?

जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ५,००० रुपये देण्याची योजना केंद्राने २०२१ साली आणली; २०२५ मध्ये ही रक्कम २५,००० रुपये करण्यात आली. हेतू स्तुत्यच आहे. मात्र प्रेरणेचे मानसशास्त्र येथे एक सावधगिरीची सूचना देते. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्यात रमणाऱ्या बालकांतील काहींना बक्षिसाचे आश्वासन दिले. पुढे त्याच मुलांनी आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवला. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. आतून येणाऱ्या प्रेरणेची जागा मोबदल्याने घेतली की मोबदला नसेल तेथे हात आखडतो. म्हणून गौरव जरूर व्हावा, पण ‘पैसे मिळतात म्हणून उचला’ हा संस्कार होऊ नये.

भावनेचेही तसेच. पुढील काळात बॅटसन यांनी हळहळीचे दोन प्रकार वेगळे केले. एक, दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःची होणारी तगमग. ती माणसाला तेथून दूर पळायला लावते. दुसरी, त्या दुःखिताविषयी वाटणारी सहवेदना. ती निघून जाण्याची वाट मोकळी असतानाही माणसाला थांबवते. गर्दीत चुकचुकणाऱ्यांपैकी अनेकांची हळहळ पहिल्या प्रकारची असते.

कुलूप उघडते

या शास्त्रातील सर्वांत आशादायक निष्कर्ष आता पाहावा. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन येथील रस्त्यांवरील २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण संशोधकांनी तपासले. २०१९ साली पुढे आलेल्या या अभ्यासात ९१ टक्के प्रसंगी किमान एक तरी बघा मध्ये पडल्याचे दिसले. म्हणजे गर्दीत माणूस असतोच. प्रश्न पहिला कोण, एवढाच असतो. १९७८ साली आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बघ्यांच्या मानसिकतेवरील व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के पुढे प्रत्यक्ष प्रसंगी मदतीला थांबले; न ऐकलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. केवळ एवढे कळल्यानेही पाऊल उचलले जाते.

म्हणून मदत हा विषय प्रवचनाकडून सरावाकडे नेला पाहिजे. गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण सोसायट्या, महिला मंडळे, महाविद्यालये यांनी वर्षातून एकदा तरी प्रथमोपचाराचा वर्ग घ्यावा. कलम १३४-अ चा अर्थ फलकावर लिहावा. ‘कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा’ असे ओरडून काही होत नाही. ‘अहो, निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन करा, ताई, तुम्ही वाहने थांबवा’ असे बोट दाखवून सांगितले की वाटून विरलेली जबाबदारी पुन्हा एका माणसाच्या खांद्यावर येते आणि तो माणूस हलतो. घरातील मुलांना हे वाक्य पाढ्यांसारखे पाठ असावे.

समाज निर्दय झाला आहे, असे म्हणणे सोयीचे असते. कारण मग म्हणणाऱ्याला काही करावे लागत नाही. समाज थबकलेला आहे, असे म्हटले की मात्र कोणाला तरी पहिले पाऊल टाकावे लागते. ते टाकले गेले की मागची पन्नास माणसे हलतात, कारण तीही त्याचीच वाट पाहत उभी असतात.